साडूचा श्वास

इतक्या उंचीवर काडी ओढली तर ज्योतही जरा विचार करून पेटायची. हवाच तेवढी विरळ. खालून आलेला माणूस पहिल्या जिन्यावर कठडा धरायचा, संध्याकाळी डोकं धरायचा आणि सकाळी परतीच्या गाडीची चौकशी करायचा. गावात जन्मलेल्यांना ही फुकटची करमणूक होती. बाकी करमणूक फारशी नव्हती. जस्ताची खाण, उतारावर एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी असलेली घरं, आणि एक रस्ता. तो वर येताना दमत दमत यायचा, खाली जाताना मात्र पळून गेल्यासारखा दिसायचा.

कवड्या इथलाच. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. बाप खाणीच्या दिव्यांच्या खोलीत, आई धुलाईत. भावंडांत हा चौथा, म्हणजे कोणाचं लक्ष न जाणारा. थोरल्याचे बूट मधल्याला, मधल्याचे बहिणीला, आणि तिच्याकडून याच्याकडे आले की ते बूट राहिलेले नसायचे, बुटांची आठवण असायची. दुसऱ्याच्या पायांकडे बघायची सवय त्याला तेव्हाच लागली. मत्सर काही त्याला वारशात मिळाला नव्हता. त्या घरात वारशाला उरण्यासारखं काही नव्हतंच. तो त्यानं स्वतःच्या कष्टानं कमावला होता.

देवानं त्याला एकच गोष्ट इतरांपेक्षा जास्त दिली, ती म्हणजे कमी लागणं. त्याला हवा कमी लागायची. खाणीच्या बचाव पथकात तो घेतला गेला तेव्हा हे सगळ्यांना कळलं. पाठीवर सिलिंडर बांधून धुरात शिरलेली माणसं अर्ध्या वाटेत भात्यासारखी वाजायला लागत, आणि हा शांत. बाहेर आल्यावर सगळ्यांत जास्त हवा याच्याच सिलिंडरमध्ये उरलेली. श्वाससुद्धा कवडी कवडी मोजून खर्च करतो म्हणून कोणीतरी ‘कवड्या’ म्हणालं आणि ते नाव त्याच्या अंगाला बसलं.

पथकाची शेड खाणीच्या तोंडाशी होती. आत भिंतीवर हुकांना सूट टांगलेले असत. लांबून बघितलं तर आतली माणसं काढून घेऊन बाकी तसंच ठेवल्यासारखे. आगीला दाद न देणारं जाड कापड, आत दुसरा थर, त्याच्या आत आणखी एक, वर टोप, तोंडाला मास्क. बाहेर थंडी हाडं फोडत असली तरी त्या सुटात माणूस उकडून निघायचा. घामाला बाहेर पडायची वाट नसायची. तो पाठीवरून उतरून बुटात साचायचा, आणि दमलेला माणूस बोगद्यातून परत येताना पावलागणिक चुबुक चुबुक वाजायचा. एवढं ओझं, एवढी उष्णता आणि वर ही विरळ हवा. काळीज नुसतं दारावर धडका देत राहायचं.

पथकात माणसं जोडीनं आत जात, आणि तिथं एक नियम होता. हवा किती उरली ते दाखवणारा काटा पाठीमागे, सिलिंडरच्या बुडाशी बसवलेला होता, ज्याचा त्याला न दिसेल असा. मुद्दामच. स्वतःचा काटा वाचताना माणूस खोटं बोलतो, असं जुने लोक म्हणत. घाबरट कमी वाचतो, हट्टी जास्त वाचतो. म्हणून ठरलेल्या वळणावर दोघांनी थांबायचं, आळीपाळीनं पाठ दाखवायची, आणि जोडीदारानं काटा वाचून मोठ्यानं सांगायचा. काटा लाल खुणेवर आला की वाचणारा ‘फिर’ म्हणे. ‘फिर’ म्हटलं की फिरायचं. पुढे सख्खा भाऊ पडलेला असला तरी. जगात पाठ दाखवणं ही नामुष्की असेल, पण त्या बोगद्यात त्याहून मोठा विश्वास नव्हता.

दर वर्षी कसोटी व्हायची. जुन्या बोगद्यात धूर सोडायचा, जोडीनं आत शिरायचं आणि शेवटी पडलेला माणसाएवढा बाहुला ओढत बाहेर आणायचा. त्या बाहुल्याला पथकात ‘जावई’ म्हणत, कारण तो जड होता, स्वतः काही करत नव्हता आणि त्याला उचलल्यावाचून सुटका नव्हती. जो जावई बाहेर आणी आणि तरीही ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त हवा उरे, तो वर्षभर पथकाचा ‘पुढचा’. खऱ्या आगीत पहिलं पाऊल त्याचं. दाराजवळचा पहिला हूक त्याचा. कवड्या कित्येक वर्षं पुढचा होता. त्या हुकावर दुसऱ्याचा सूट ही कल्पना त्याला स्वतःच्या पलंगावर दुसरा माणूस असल्यासारखी वाटायची.

आणि मग त्याचा साडू आला.

बायकोची धाकटी बहीण लग्न करून खाली बंदरावर गेली होती. तिचा नवरा पाणबुड्या. पुलांचे खांब पाण्याखाली कुठं खचले ते बघायचं काम. तिकडचं काम आटपलं, धाकटीला माहेर खुणावत होतं, आणि नवराबायको दोन ट्रंका घेऊन वर आली. पहिल्या आठवड्यात पाणबुड्या ओकून ओकून अर्धा झाला. बादली धरायला कवड्या होता. साडूचं कपाळ धरून तो सांगायचा, “सोस. सावकाश चालायचं. पाणी पीत राहायचं. इथं घाई करणारा मेला म्हणून समज.” साडू मान हलवायचा आणि पुन्हा बादलीत तोंड घालायचा. त्या बादलीवर कवड्यानं त्याच्यावर जेवढी माया केली, तेवढी पुढे कधी केली नाही.

कारण पाणबुड्या उभा राहिला. आधी जिना चढला, मग उतार, मग पथकात अर्ज केला. त्याची छाती पिंपासारखी होती आणि श्वास लांब; घेतला की कुठंतरी तळाला जाऊन, तिथली खबरबात घेऊन वर येणारा. पहिल्याच कसोटीत तो कवड्याच्या पाठोपाठ आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कवड्यानंही वाजवल्या, पण त्याचे हात एकमेकांना परके असल्यासारखे आपटत होते.

यंदा कवड्यानं पंचेचाळिशी ओलांडली होती. कसोटीआधी तपासायला खालून येणारी डॉक्टरीण त्याच्या बोटातून रक्त काढून म्हणाली, “तुमचं रक्त मधासारखं घट्ट झालंय. दम लागतो का? डोकं दुखतं?”

“छे,” कवड्या म्हणाला. “डोकं आहेच कुठं दुखायला?”

ती हसली. पण डोकं दुखत होतं. आणि ते रक्तामुळे नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. दम वाढला तशी त्यानं एक युक्ती काढली होती. मास्कमध्ये श्वास घ्यायचा आणि सोडायचा नाही. धरून ठेवायचा. छातीत आग लागली की थोडासा सोडायचा, थोडासा घ्यायचा, पुन्हा धरायचा. काटा हलत नसे. बाहेर आल्यावर कपाळात खिळे ठोकल्यासारखं व्हायचं, डोळ्यांसमोर कडेनं काळं यायचं, पण काटा हलत नसे. घरी बटाटे सोलतानाही तो सराव करायचा.

बायकोनं एकदा पकडलं. “अहो, तोंड का फुगवलंय? माझ्यावर रागावलात का?”

त्यानं श्वास सोडला. “नाही. विचार करतोय.”

“अगं बाई. मग त्यापेक्षा राग परवडला.”

कसोटीच्या आधीच्या रविवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमले. सासरे क्रेनवरून निवृत्त झालेले. आयुष्यभर उंचावरून माणसांकडे बघितल्यामुळे कोणाबद्दल काय बोलावं याचा त्यांना धरबंध नव्हता.

“काय रे, यंदा पुढचा कोण?” त्यांनी घास घोळवत विचारलं.

“साडूभाऊच,” पाणबुड्या म्हणाला. “त्यांच्यापुढे आम्ही काय?”

“तू उगाच नम्रपणा करू नकोस. तुझा श्वास बघितलाय मी. माझ्या क्रेनचं इंजिन असं चालायचं.” मग सासरे कवड्याकडे वळले. “आणि तुझं आता वय झालं. त्यात लाज कसली? एक जावई गेला, दुसरा आला. पद घरातच राहील.”

“बाबा!” कवड्याची बायको म्हणाली.

“काय बाबा? खोटं बोललो का?”

धाकटीनं घाईघाईनं वाढायला घेतलं. “भाऊजी, घ्या ना अजून.”

“नको,” कवड्या म्हणाला. “मला कमीच लागतं.”

सगळे हसले. पाणबुड्याही हसला, मनापासून. त्याचं हसणं ऐकताना कवड्याच्या लक्षात आलं की हा माणूस मनापासून हसतो, मनापासून जेवतो, याला आत कुठं काही टोचत नाही. त्याला साडूच्या छातीचा हेवा होताच. आता त्या न टोचण्याचाही वाटायला लागला. पहिला हेवा तरी मापता येत होता, काट्यावर. दुसऱ्याला मापच नव्हतं.

कसोटीला प्रमुखांनी दोघांची जोडी लावली. प्रमुख म्हणजे पथकाचा जुना माणूस, बोलायला कमी, ओरडायला पुरेसा. “साडू-साडू एकत्र जा,” ते म्हणाले. “घरचं भांडण असेल तर आतच मिटवा.”

पुढे कवड्या, मागे पाणबुड्या. बोगद्यात धूर दाट होता, दिव्याचा उजेड हातभर जाऊन मरत होता. कवड्यानं श्वास धरला. सुटात घाम उतरायला लागला. धरला, सोडला, धरला. मागून साडूचा श्वास येत होता, सावकाश आणि भरघोस, श्रीमंत माणसानं बाजारात फिरावं तसा. कवड्याच्या कानशिलांत हातोडे सुरू झाले. भिंत कधी जवळ येत होती, कधी लांब जात होती. एकदा त्याला वाटलं की आपण चालत नाही, बोगदाच मागे सरकतोय, आणि या विचाराचं त्याला हसू आलं. हे बरं लक्षण नव्हे, हेही त्याला कळलं, पण कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या घरातली बातमी कळावी तसं.

ठरलेलं वळण आलं. पुढे काही पावलांवर जावयाचे बूट दिसत होते, वर टोकं करून निवांत पडलेले. कवड्यानं थांबून पाठ दाखवली.

“निम्म्याच्या खाली, पण पुष्कळ आहे,” मास्कमधून साडूचा आवाज आला. “शाब्बास, साडूभाऊ.”

मग पाणबुड्यानं पाठ फिरवली. कवड्यानं वाकून काचेवर दिवा धरला.

काटा निम्म्याच्या वर होता. चांगलाच वर. हा माणूस पोटभर श्वास घेत, एकही न धरता, एकही न चोरता इथवर आला होता आणि तरी याच्याकडे जास्त होती. कवड्यानं डोळे मिटले, उघडले. काटा तिथंच. इतकी वर्षं त्यानं कित्येक जणांच्या पाठीवरचे काटे वाचले होते, मित्रांचे, न आवडणाऱ्यांचे. एकदाही तसूभर इकडचं तिकडं केलं नव्हतं. आपण काय म्हणणार आहोत हे त्याला शब्द तोंडातून गेल्यावरच समजलं.

“लाल,” तो म्हणाला. “फिर.”

पाणबुड्या क्षणभर थांबला. त्याच्या रुंद पाठीवर प्रश्न उमटल्यासारखा वाटला. पण ‘फिर’ म्हणजे फिर. तो वळला, आणि दोघे जावयाला धुरात टाकून परत निघाले.

बाहेर आल्यावर पाणबुड्यानं पट्टे सोडले, सिलिंडर समोर घेतलं आणि त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. कवड्या दगडावर बसून होता, डोकं गुडघ्यांत.

प्रमुख आले. “जावई कुठाय?”

पाणबुड्या सिलिंडरच पुसत राहिला.

“अरे, जावई कुठाय? का सासरी ठेवून आलात?”

कवड्यानं डोकं वर केलं. तो काही बोलणार, त्याआधी पाणबुड्याच म्हणाला, “माझ्यामुळे झालं. मास्कची काच आतून धुरकटली. मला दिसेना, घाबरलो. मीच ‘फिर’ म्हटलं.”

प्रमुखांनी दोन्ही काट्यांवर नजर टाकली. “दोघांकडे एवढी हवा आणि माणूस आत. खरी आग असती तर आज त्याच्या बायकोला काय सांगितलं असतंत? काच धुरकटली?” ते थुंकले. “पुढच्या आठवड्यात पुन्हा. तोवर पुढचा आहे तोच.”

म्हणजे हूक राहिला. कवड्याचाच राहिला.

कसोटीनंतर सूट आणि मास्क धुवायचं काम ज्याचं त्याला करावं लागे. मागच्या पडवीत कोमट पाण्याची टाकी होती. दोघे शेजारी शेजारी उभे राहून रबर चोळत होते.

“काटा निम्म्याच्या वर होता, साडूभाऊ,” पाणबुड्या पाण्याकडे बघत म्हणाला.

“धूर होता.”

“होता.”

“काचेवर काजळी होती.”

“असेल.” त्यानं मास्क उलटा करून झटकला. “मी कोणाला काही बोलणार नाही. घरात दोघी बहिणी आहेत, म्हातारा आहे. पण एक सांगतो. मागून मला तुमचा मास्क ऐकू येतो. तुम्ही श्वास धरता.”

कवड्या रबर आणखी जोरात चोळायला लागला.

“आमच्याकडे एक होता असाच. हवा वाचवायचा. मोठा अभिमान होता त्याला. एक दिवस पाण्याखाली खांबाला टेकून बसला तो बसलाच. वर काढला तेव्हा सिलिंडर अर्धं भरलेलं. झोपल्यासारखा दिसत होता. उरलेल्या हवेचं काय करायचं हो?”

“तू मला शिकवू नकोस,” कवड्या म्हणाला. “बादलीत तोंड घालून पडला होतास तेव्हा तुला मी शिकवलंय.”

“शिकवलंय. म्हणूनच सांगतोय.”

या ‘म्हणूनच’नं कवड्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवी दिली असती तर चाललं असतं. दोन ठेवून दिल्या असत्या तर फारच बरं. पण या माणसानं त्याचं खोटं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि वर काळजीही करत होता. घरी येऊन कवड्यानं अंधाऱ्या खोलीत ओला रुमाल कपाळावर टाकला. आपण त्याचं वाईट केलं याची लाज वाटत नव्हती असं नाही. पण तिच्याही वर, पाण्यावर तेल यावं तशी, दुसरीच गोष्ट तरंगत होती: चांगुलपणातसुद्धा साडू पुढे निघून गेला.

बायको येऊन काठावर बसली. तिनं रुमाल उलटा केला. “धाकटी आली होती. रडत होती.”

“का? काय म्हणाली?” तो उठायलाच आला.

“झोपा हो. तुमचं काही नाही. तिच्या नवऱ्याला झोप लागत नाही म्हणे, वर आल्यापासून. डोळा लागला की श्वास अडकतो आणि दचकून उठतो. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डुलक्या घेतो. दिवसभर हसतो आणि रात्री असा. ती म्हणते, परत खाली जाऊ या, तर ऐकत नाही. म्हणतो, साडूभाऊंसारखं इथलं व्हायचंय.”

कवड्या छताकडे बघत पडून राहिला. त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. पलंगावर आडवं पडून, पाय पसरून, फुकट मिळणारी ही झोप. पाणबुड्याजवळ ती नव्हती! त्या संध्याकाळी तो चवीनं जेवला. बायकोशी दोन गोष्टी बोलला. सुखी माणसाचा चेहरा कसा असतो ते शेजाऱ्यांनी येऊन बघावं, असा त्याचा चेहरा होता. सकाळी दाढी करताना आरशात तोच चेहरा शिल्लक दिसला आणि त्याला तो धुवून टाकावासा वाटला.

पुन्हा कसोटीच्या दिवशी सगळं पथक शेडमध्ये उभं होतं. वेल्डर, जो पथकात सगळ्यांत दांडगा आणि हवा पिण्यात सगळ्यांत बदनाम, बाकावर बसून बूट चढवत होता. नियमाप्रमाणे प्रमुखांनी प्रत्येकाला विचारलं, तुझा काटा कोण वाचणार? हा नुसता उपचार असायचा. जोडीदाराचं नाव घ्यायचं आणि निघायचं.

पाणबुड्या म्हणाला, “माझा वेल्डर वाचेल.”

या पथकात बाई पळवली तरी माणसं समजून घेत, पण वाचणारा बदलणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं.

“का?” प्रमुखांनी विचारलं. “साडूला काय झालं?”

पाणबुड्यानं खाली बघितलं. “तसं काही नाही. साडूभाऊंची नजर हल्ली जरा अधू झालीय. वय आहे. धुरात बारीक वाचायला त्यांना त्रास कशाला?”

तो हे प्रेमानं म्हणाला. सगळ्यांना तसंच ऐकू आलं. कोणीतरी मान हलवली, वेल्डरनं कवड्याकडे बघून जिभेनं च्‌ च्‌ केलं. ती कीव सरळ कवड्याच्या अंगावर आली, कोमट आणि ओली. आता जन्मभर ही माणसं त्याला हात धरून पायऱ्या उतरवणार होती. आणि साडू? साडूनं दुसऱ्यांदा झाकलं होतं. तिसऱ्यांदाही झाकेल. मरेपर्यंत झाकत राहील आणि प्रत्येक वेळी वीतभर उंच होत जाईल.

“माझ्या नजरेला काय धाड भरलीय!” कवड्या ओरडला. “स्वच्छ दिसत होतं मला. काटा निम्म्याच्या वर होता, बोटभर वर. काच धुरकटली नव्हती आणि हा घाबरला नव्हता. मी वाचलं आणि मी खोटं सांगितलं. मुद्दाम सांगितलं! झालं समाधान?”

कवड्यानं साडूच्या तोंडाकडे बघितलं. त्या हसऱ्या, भरल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग चढत होता, मानेपासून वर, लालभडक. ‘आला बाबा,’ कवड्याच्या मनात आलं, ‘एकदाचा आला माझ्या पातळीवर.’ आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच किळस आली.

“एक काट्याशी खोटं बोलला,” प्रमुख अगदी हळू म्हणाले, आणि ते हळू बोलले की माणसं जास्त घाबरत, “आणि दुसरा माझ्याशी. कोणाला वाचवायला बोललास रे? साडूला? आणि उद्या आत याच्या मागून जो गेला असता, त्याला कोण वाचवणार होतं?”

पाणबुड्या काहीतरी बोलायला गेला.

“गप्प. वर्षभर दोघेही राखीव. सूट चढवून बाहेर बसायचं. आतला कोणी पडला तरच आत. काटे वाचायचे नाहीत, सांगायचे नाहीत. आणि पुढचा…” त्यांनी शेडभर नजर फिरवली. “वेल्डर.”

“मी?” वेल्डरचा एक बूट हातातच राहिला. “अहो, माझी हवा तर वळणापर्यंतसुद्धा…”

“तुझी हवा संपते ते सगळ्यांना माहीत आहे. तुला तरी लपवावं लागत नाही. उठ.”

कवड्यानं आपला सूट पहिल्या हुकावरून स्वतःच काढला. कोणी काढण्याआधी.

राखीव बाक बोगद्याच्या तोंडाबाहेर होता, दगडी आणि थंडगार. दोघे पूर्ण सुटात, मास्क मांडीवर घेऊन बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. खाली गावातल्या धुराड्यांतून धूर निघून तिरका जात होता.

“मी सांभाळून घेतलं होतं सगळं,” शेवटी पाणबुड्या म्हणाला. आवाजात दात होते.

“तेच नको होतं.”

“मग काय हवं होतं? माझा जीव?”

“नाही रे,” कवड्या म्हणाला, आणि काय हवं होतं ते शोधायला लागला. ते सापडलं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

“धाकटी काय म्हणेल मला? दोन वर्षं इथं मरमर मेलो मी.”

“म्हाताऱ्याला काय वाटेल बघ. दोन्ही जावई बाहेर.”

पाणबुड्याच्या नाकातून नको असताना हवा सुटली. हसू नव्हतं ते, पण त्याचा चुलतभाऊ होता.

तेवढ्यात वेल्डर आत शिरला. खांदे उडवत, पाय आपटत, पहिल्याच पावलाला घोरल्यासारखा श्वास ओढत. दोघांनी माना वळवून बघितलं. कवड्याला आत ते ओळखीचं टोचलं, आणि शेजारी बघतो तर साडूचा जबडाही तसाच आवळलेला.

“पितोय कसा बघा हवा,” पाणबुड्या म्हणाला. “हौदावर म्हैस सोडल्यासारखा.”

“आणि पुढचा म्हणे.”

“आणि पुढचा.”

धुरानं वेल्डरची पाठ गिळली. थंडी वाढत होती. दोघांच्या तोंडाची वाफ समोर दिसायला लागली. कवड्यानं कित्येक महिन्यांत प्रथमच छाती भरून श्वास घेतला आणि सोडला. डोक्यातला खिळा थोडा सैल झाला. बरं वाटलं. मग त्याची नजर बाजूला गेली. साडूची वाफ त्याच्या वाफेपेक्षा लांब जात होती. सावकाश, सलग, पार कठड्यापर्यंत.

“हळू सोड की जरा,” कवड्या म्हणाला.

“आता का? इथं कोण मोजतंय?”

“तरी पण,” कवड्या म्हणाला.